सहा वर्षे पगार तेवढाच : वाढ मागावी कशी आणि किती?

प्रश्न : हिशेबनीस, जळगाव

नमस्कार. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये मी बारा वर्षांपासून हिशेबनीस म्हणून काम करतो. २०१९ च्या दिवाळीत माझा पगार १८,००० रुपये झाला आणि आजही तो तेवढाच आहे. कोरोनाच्या काळात वाढ मागण्याचा प्रश्नच नव्हता. उलट टाळेबंदीत मिल बंद असतानाही शेठजींनी आमचा पगार थांबवला नाही, हे मी विसरलेलो नाही. त्यानंतर मात्र दरवर्षी विषय काढला की "हंगाम निघू द्या, मग बघू" एवढेच उत्तर मिळते. हंगाम निघतो, पण बघणे राहून जाते.

पगार जागेवर असला तरी काम जागेवर राहिलेले नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पूर्वी खरेदी-विक्रीची बिले, बारदानाचा हिशेब, हमाली-तोलाई, बँक आणि महिन्याची विवरणपत्रे एवढे सांभाळले की भागत असे. जुलै २०२१ पासून पन्नास लाखांवरील खरेदीवर कर कापण्याची जबाबदारी आली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी सुरू झाला. जून २०२३ मध्ये तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा आली, तेव्हा सरकारी पोर्टलवर साठा भरण्याचे काम माझ्याकडेच आले. त्याच वर्षी ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) सक्तीचे झाले. आता एकाच ट्रकमध्ये ३० किलोच्या गोण्या आणि एक किलोची पाकिटे भरली असतील, तर गोण्यांचे करमुक्त बिल वेगळे, पाकिटांचे कराचे बिल वेगळे, त्यावर क्यूआर कोड, मग ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) असे सगळे होईपर्यंत चालक माझ्या टेबलासमोर उभा असतो आणि पोर्टल बंद पडले तर रात्री नऊपर्यंतही गाडी फाटकातून हलत नाही.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली एक मुलगा घेतला. तो नुकताच बी.कॉम. झाला आहे आणि त्याला १६,००० रुपये ठरले आहेत. त्याला मिळतात याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, परंतु बारा वर्षांच्या अनुभवाची किंमत दोन हजार रुपये ठरावी, ही गोष्ट मनाला फार लागते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पगारवाढ देण्याची कायद्याने काही सक्ती आहे का? मागायचीच झाली तर किती मागावी? आणि घराच्या स्लॅबसाठी घेतलेली उचल अजून फिटलेली नाही (दरमहा २,००० रुपये कापले जातात), अशा स्थितीत वाढ मागणे योग्य दिसेल का?

उत्तर : निवृत्त लेखापाल, भुसावळ

दादा, आधी आकड्याचे बोलू, कारण आकडा स्वतःलाच स्पष्ट नसेल तर शेठजींसमोर शब्द फुटत नाहीत.

रिझर्व्ह बँकेला महागाईचे उद्दिष्ट चार टक्क्यांचे आणि मर्यादा दोन ते सहा टक्क्यांची घालून दिलेली आहे. आपण हिशेबासाठी वर्षाला पाच टक्के धरू. २०१९ मध्ये १८,००० रुपयांत जे घर चालत होते, ते सहा वर्षांनी चालवायला सुमारे २४,१०० रुपये लागतात. उलट बाजूने पाहिले तर आज हातात पडणारे १८,००० हे २०१९ च्या १३,४०० रुपयांच्या बरोबरीचे आहेत. याचा अर्थ तुमचा पगार आहे तिथेच थांबला आहे असे नव्हे. तो दरवर्षी थोडा थोडा कापला गेला आहे, फक्त पावतीवर कपातीचा रकाना नाही. २४,००० मागितले तर ती बढतीची मागणी होत नाही, २०१९ चा पगार परत मिळावा एवढेच म्हणणे होते. वाढलेल्या कामाचा मोबदला अजून त्यात धरलेलाच नाही.

आपल्याकडे सराफ बाजाराच्या भावाने सगळे मोजण्याची सवय आहे. २०१९ च्या दिवाळीत दहा ग्रॅम सोने चाळीस हजारांच्या आत होते आणि २०२५ च्या दिवाळीत ते सव्वा लाखाच्या आसपास गेले, हे खरे आहे. पण त्या मापाने पगार मागू नका. सोन्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तुमच्या घरखर्चाशी त्याचा थेट संबंध नाही आणि शेठजी तो मुद्दा एका वाक्यात खोडून काढतील. किराणा, गॅस, शाळेची फी, दवाखाना आणि पेट्रोल एवढेच धरा.

मी रेल्वेच्या गावात राहतो. इथे शेजारच्या घरी जानेवारीत आणि जुलैत महागाई भत्ता वाढतो, शिवाय वर्षाला एक वेतनवाढ मिळते. त्यासाठी कोणाला साहेबांच्या दारात उभे राहावे लागत नाही. खासगी नोकरीत ही सोय नाही हे मान्य. पण आपल्या खान्देशातल्या शेतीकडे पाहा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतमजुराचे, साल संपते, शेतकरी आणि सालदार समोरासमोर बसतात आणि पुढच्या सालाची रक्कम नव्याने ठरते. पटले नाही तर सालदार दुसरे घर धरतो आणि त्यात कोणी कोणाला कृतघ्न म्हणत नाही. ज्या व्यवहारात दरवर्षी बोलणी होणे हीच रीत मानली जाते, त्याच मुलखात शिकलेल्या हिशेबनिसाने सहा वर्षे विषय काढताना संकोचावे, हे मला अजिबात पटत नाही. टाळेबंदीतल्या पगाराचे उपकार जरूर माना. परंतु त्या उपकाराची फेड तुम्ही पोर्टलसमोर रात्री नऊपर्यंत बसून केव्हाच केली आहे.

उत्तर : कामगार कायद्याची वकील, धुळे

भाऊ, कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. किमान वेतनापेक्षा अधिक पगार असेल, तर दरवर्षी वाढ दिलीच पाहिजे अशी सक्ती कोणताही कायदा करत नाही. नेमणूकपत्रात, एखाद्या करारात किंवा आस्थापनेच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) वार्षिक वाढीचे कलम असेल तरच ती हक्काने मागता येते. आपल्या भागातल्या बहुतेक मिलमध्ये नेमणूकपत्रच दिलेले नसते, त्यामुळे हा मार्ग बहुधा बंद असतो.

तरीही किमान वेतनाचा आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. डाळ गिरणी हा उद्योग १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ अनुसूचीतच होता आणि त्या कायद्यातील व्याख्येत कारकुनी काम करणाराही येतो. किमान वेतन फक्त हमालांना आणि यंत्रावरच्या कामगारांना असते, हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक अशिलाच्या तोंडून ऐकायला मिळतो. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, म्हणजे १ जानेवारी आणि १ जुलै रोजी बदलतो. त्यामुळे ज्याचा पगार गोठलेला आहे, त्याच्या पायाखालून हा किमान दर हळूहळू वर सरकत असतो आणि २०१९ मध्ये भरपूर अंतर असलेला पगार काही वर्षांनी त्या रेषेला टेकू शकतो. कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून आपल्या परिमंडळाचा आणि कुशल वर्गाचा चालू दर मागवून घ्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झाली आहे. जुन्या कायद्यात किमान वेतनाचा दावा साधारण सहा महिन्यांच्या आत करावा लागे. संहितेत ही मुदत तीन वर्षांची आहे. ही माहिती शेठजींना धाक घालण्यासाठी वापरू नका, पण स्वतःजवळ असू द्या.

एक बाजू मात्र बहुतेक लोक विसरतात, ती ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात : पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची पूर्ण वर्षे. तुमचे सगळे १८,००० मूळ पगार आणि महागाई भत्ता म्हणून दाखवलेले असतील, तर बारा वर्षांची रक्कम सुमारे १,२४,६०० होते. पगार २४,००० असता तर हीच रक्कम १,६६,१०० झाली असती. गोठलेला पगार केवळ चालू महिन्याचे नुकसान करत नाही, तो मागच्या सगळ्या वर्षांची किंमत कमी करतो. म्हणून पगाराच्या पावतीवर मूळ पगार किती आणि इतर भत्ते किती, ही फोड आधी पाहा. वाढ मिळाली आणि ती सगळी "इतर भत्ता" या नावाखाली टाकली, तर हातात पैसे येतील पण ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांना त्याचा पुरेसा लाभ होणार नाही. नव्या संहितांनी ही पळवाट बरीच अरुंद केली आहे, कारण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तरीही मूळ पगारातच वाढ मागणे केव्हाही चांगले.

उत्तर : मिलचालक, जळगाव जिल्हा

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. माझीही डाळ मिल आहे, लहान आहे.

डाळीच्या धंद्यात माल मोठा आणि सुटणारे पैसे थोडे असतात. तुरीचा भाव चढला की भांडवल दुप्पट अडकते. सरकारने आयात शुल्कमुक्त केली आणि म्यानमार किंवा मोझांबिकची तूर बंदरात उतरली की हातातल्या मालाचा भाव उतरतो. साठा मर्यादेच्या वेळी घाईने माल काढावा लागला आणि त्यात झालेला तोटा भरून निघायला आम्हाला पुढचा हंगाम लागला. "हंगाम निघू द्या" हे उत्तर दर वेळी टाळाटाळीचे असते असे कृपया मानू नका. हंगामाच्या तोंडावर, म्हणजे आवक सुरू झाल्यावर, रोकड खरोखरच नसते. मात्र सहा वर्षे तेच उत्तर देणे योग्य नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. वर्षाला पाच टक्के दिले असते तर मालकाला ते जाणवले नसते आणि माणूस समाधानी राहिला असता. आता सहा वर्षांची थकलेली वाढ एकदम समोर येईल तेव्हा ती त्यांना मोठी वाटेल, आणि ती मोठी होऊ देण्याची जबाबदारी त्यांचीच आहे.

मालकाला काय पटते ते सांगतो. घरखर्च वाढला, हे आम्ही ऐकून घेतो, पण निर्णय त्यावर होत नाही. तुमच्यामुळे वाचलेले पैसे दाखवा. पुरवठादाराने विवरणपत्र भरले नाही म्हणून अडकलेले क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) तुम्ही दर महिन्याला ताळा घालून मिळवले असेल, तर वर्षाची रक्कम काढा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे मुदतीत, म्हणजे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न दिल्यास तो खर्च त्या वर्षी आयकरात मान्य होत नाही, हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आला. मार्चअखेर अशा देण्यांची यादी काढून तुम्ही चेक काढायला लावले असतील, तर वाचलेला कर लिहा. विवरणपत्राला उशीर होऊन विलंब शुल्क किंवा अठरा टक्क्यांनी व्याज भरावे लागले नसेल, तर तेही लिहा. माझ्या हिशेबनिसाने एकदा असा कागद माझ्यासमोर ठेवला होता. त्या कागदावरची बेरीज त्याने मागितलेल्या वाढीच्या कितीतरी पट होती आणि मला नाही म्हणता आले नाही.

वेळ निवडताना लेखापरीक्षण संपल्यानंतरची निवडा. वर्षाचा नफा तेव्हा दोघांनाही माहीत असतो, आणि तुम्हाला तर तो माझ्याआधी माहीत असतो.

प्रश्नकर्ता : हिशेबनीस, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. पावती पाहिली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहे, उरलेले ३,००० प्रवास आणि घरभाड्याचे आहेत. क्रेडिटच्या ताळ्याचा कागद करायला घेतला आहे; तो आकडा मी इतकी वर्षे स्वतःच जमवत होतो, पण माझ्या कामाचे मोल म्हणून त्याकडे कधी पाहिले नव्हते.

एक अडचण आहे. आईला मधुमेह आहे आणि तिची औषधे आणि तपासण्या ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजनेतून) होतात. पगार वाढला तर ही सोय जाईल, असे सहकारी म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : निवृत्त लेखापाल, भुसावळ

दादा, हे खरे आहे आणि हीच बाब नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या पगारात असलेली अनेक माणसे इथे ठेचकाळतात.

ईएसआयची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. वैधानिक बोनसची पात्रताही २१,००० पर्यंतच आहे. इथे मी सोपेपणासाठी पूर्ण पगार धरला आहे; या मर्यादेत कोणते भत्ते धरतात, ते आधी ईएसआय कार्यालयात विचारून घ्या. म्हणजे पगार २१,००० असेपर्यंत दोन्ही टिकतात आणि मर्यादा ओलांडली की दोन्हींचा कायदेशीर हक्क जातो. १८,००० वरून २२,००० केले, तर पावतीवर चार हजार वाढतील. पण बोनस गेला आणि आईच्या औषधांचा खर्च खिशातून करावा लागला, तर वर्षाच्या शेवटी हातात किती उरले हे मोजून पाहावे लागेल. मला वाटते, २२,००० हा तुमच्यासाठी सर्वांत वाईट आकडा आहे. एक तर २१,००० वर थांबावे, नाहीतर ती रेषा ओलांडण्याइतके मोठे पाऊल टाकावे.

वाढ कोणत्या महिन्यापासून लागू होते, यालाही महत्त्व आहे. ईएसआयचे वर्गणीचे कालखंड दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यानंतर पगार २१,००० च्या वर गेला, तर तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि सदस्यत्व चालू राहते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. म्हणजे मोठी वाढ १ एप्रिलपासून लागू झाली तर तुमची वर्गणी त्याच दिवशी थांबते. तीच १ मेपासून लागू झाली, तर आईची सोय पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत चालू शकते. एका महिन्याचा फरक सोसणे तुम्हाला नक्की परवडेल.

माझा सल्ला असा आहे. मागणी २४,००० चीच ठेवा, १ मेपासून, आणि सोबत दोन गोष्टी लेखी मागा : दिवाळीची रक्कम सानुग्रह म्हणून चालू राहावी आणि ईएसआय संपल्यावर मिलने कुटुंबाचा आरोग्य विमा काढावा. मधुमेहासारखा आधीपासूनचा आजार विम्यात किती प्रतीक्षेनंतर धरला जातो, हे पॉलिसी निवडतानाच विचारून घ्या. एवढे जमणार नाही असे शेठजी म्हणाले, तर या वर्षी २१,००० आणि पुढच्या वर्षी २४,००० हे तारखेसह लिहून घ्या. २१,००० वर ईएसआय आणि बोनस दोन्ही सुटत नाहीत, आणि शेठजींनाही तीन हजारांवर सव्वातीन टक्के वर्गणी म्हणजे शंभर रुपयांच्या आतच जास्तीचा भार पडतो. नुसते तोंडी "पुढच्या वर्षी बघू" यावर मात्र यापुढे उठून येऊ नका.

उत्तर : शिरपूरकर, सध्या पुणे

दादा, दुसरीकडे काय दर चालू आहे ते माहीत असू द्या, एवढेच सांगायचे आहे. मी शिरपूरजवळच्या एका कारखान्यात लेखाविभागात होते, तिथे चार वर्षे वाढ नव्हती. पुण्यात ३२,००० मिळाले. त्यातले ११,००० भाड्यात जातात, गावी येणे-जाणे वेगळे, आणि आई-वडिलांजवळ कोणी नाही ही काळजी कायमची लागली. तुमचे घर जळगावात स्वतःचे आहे, आईची औषधे तिथे चालू आहेत, तर पुण्याचा आकडा ऐकून उठू नका. परंतु जळगावातच दुसऱ्या मिलमध्ये, पाइप किंवा चटईच्या कारखान्यात, एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात ई-इनव्हॉइस आणि जीएसटी हाताळणाऱ्या अनुभवी माणसाला काय देतात, याची चौकशी मात्र शेठजींशी बोलण्याआधी करा. बोलताना तो आकडा उच्चारण्याचीही गरज पडत नाही. तो माहीत असला की आवाज आपोआप स्थिर राहतो.

उत्तर : कामगार कायद्याची वकील, धुळे

उचलीचा प्रश्न राहिला होता. उचल हा वेगळा व्यवहार आहे आणि ती तुम्ही ठरल्याप्रमाणे फेडत आहात. त्यामुळे पगारवाढ मागण्यात कोणताही कायदेशीर किंवा नैतिक अडसर नाही. "आधी उचल फेडा, मग वाढीचे बोलू" असे कोणी म्हटले, तर दोन्ही विषय शांतपणे वेगळे करा. वाढ मिळाल्यास हप्ता २,००० वरून ३,००० करण्याची तयारी तुम्ही स्वतःहून दाखवू शकता. त्याने शेठजींची रक्कम लवकर परत येते आणि बोलणी सोपी होतात. किती उचल बाकी आहे, याची त्यांची सही असलेली नोंद आत्ताच करून घ्या. नोकरी सोडण्याची वेळ आली, तर बहुतेक वाद त्याच आकड्यावरून होतात, आणि संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करायचे असल्याने तेव्हा हिशेब शोधत बसायला वेळ नसतो.

मागणीचे पत्र एका पानाचे ठेवा. २०१९ नंतर वाढलेली कामे, मिलचालकांनी सुचवलेली बचतीची बेरीज, मागितलेली रक्कम, ती मूळ पगारात मिळावी ही विनंती आणि लागू होण्याची तारीख एवढेच त्यात असावे. हाताखालच्या मुलाच्या पगाराचा उल्लेख टाळा. त्याने तुमची बाजू बळकट होत नाही आणि त्याचे नुकसान होण्याची शक्यता असते. पत्र आधी हातात द्या, समोर बसून बोला आणि त्यानंतर तेच मिलच्या ई-मेलवर पाठवा. पोच मागितली तर अविश्वास वाटेल, अशी भीती अनेकांना असते. ई-मेलवर तारीख नोंदलेली असल्याने ती मागावीच लागत नाही.